दोन डेसिबल जास्त: जुनी एमएक्स-५ ट्रॅकवर नेईपर्यंतचे एकोणीस महिने

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी १९९९ सालची माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, उघड्या छपराची छोटी गाडी) घेतली आणि मे २०२४ मध्ये ती पहिल्यांदा रेसच्या ट्रॅकवर उतरवली. मधले महिने कुठे गेले असं कुणी विचारलं की मी "गाडीखाली" म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. तितकेच दिवस फॉर्म भरण्यात, पार्सलची वाट बघण्यात आणि स्वतःच करून ठेवलेलं निस्तरण्यात गेले. आत्ता ज्यांची गाडी जॅकस्टँडवर (गाडी उचलून धरणाऱ्या आधारांवर) आहे आणि एक बोल्ट निघत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खर्चाबद्दल आधीच सांगतो. गाडी ज्या किमतीला घेतली ते शंभर धरा, बाकीचं सगळं त्याच हिशोबात देतो. चलन आणि भाव जागेप्रमाणे बदलतील, पण कुठली गोष्ट कशाच्या मानाने महाग पडते याचा अंदाज येईल.

गाडी दुसऱ्या पिढीची. १.८ लिटरचं इंजिन, १४० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, वजन टनाच्या थोडंसं वर. हे आकडे सांगितल्यावर कुणाच्याही भुवया वर जात नाहीत. पण इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरून ठेवणारे एकावर एक दोन दांडे), आणि सुटे भाग हवे तितके. या मॉडेलची दहा लाखावी गाडी २०१६ मध्येच कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे साधी क्लिप तुटली तरी अडून बसावं लागत नाही. पहिली गाडी निवडताना हॉर्सपॉवरच्या आधी हे बघा.

घेताना मी इंजिन ऐकलं, छप्पर चारदा उघडून मिटलं, गिअर टाकून बघितले. गाडीखाली वाकलो नाही. त्या दिवशी पांढरी पँट घातली होती.

पुढच्याच महिन्यात पहिला बदल केला: मोठ्या तोंडाचा स्टीलचा सायलेन्सर. खर्च नऊ. बसवायला तासभरही लागला नाही, आवाज ऐकून मी गल्लीतल्या गल्लीत तीन चकरा मारल्या. जुना सायलेन्सर भंगारात द्यायला निघालो होतो. बायको म्हणाली, "राहू दे माळ्यावर, खायला मागतोय का?" राहू दिला. हे वाक्य लक्षात ठेवा.

जानेवारी २०२३ मध्ये सलग चार दिवस पाऊस झाला आणि पाचव्या दिवशी सीटमागचं कार्पेट ओलं लागलं. आधी वाटलं छप्पर गळतंय. छप्पर ठणठणीत होतं. या गाडीच्या कापडी छपरावरचं पाणी सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या छिद्रांतून नळीने खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. छिद्रं वर्षानुवर्षं कुणी साफ केली नव्हती. मऊ प्लास्टिकची पट्टी फिरवल्यावर मूठभर कुजलेली पानं आणि चिखल निघाला. (कडक तार घालू नका, नळी फाटते.) नळी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, साठतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत असतो. मी मागच्या चाकापुढे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, थोडा जोर दिला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. हाताला काही लागलंच नाही, नुसतं कोरडं कुरकुरणं ऐकू आलं. त्या रात्री गाडी विकायची जाहिरात अर्धी लिहून झाली होती.

वेल्डिंगवाल्याकडे चार आठवड्यांनी नंबर लागला आणि कामाला दोन आठवडे गेले. खर्च चौदा. कापलेल्या भागाचे, नव्या पत्र्याचे आणि गंजरोधक मेण मारल्यानंतरचे फोटो मी मागून घेतले. हे फोटो पुढे तपासणीत कामाला आले, तुम्हीही मागा.

मार्चमध्ये ब्रेकला हात घातला. इथे मला पहिल्यांदा कळलं की ब्रेक चांगले असणं आणि ट्रॅकवर चांगले राहणं यात फरक आहे. ब्रेक फ्लुइड हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत घसरलेला चालतो. रस्त्यावर तेवढं तापत नाही, म्हणून वर्षं निघून जातात. ट्रॅकवर पाठोपाठ ब्रेक मारले की फ्लुइड उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. मग पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. माझ्या गाडीतून काढ्याच्या रंगाचं पाणी निघालं. नवं फ्लुइड, जास्त तापमान सोसणारे पॅड आणि डिस्क, सगळं मिळून पाच. एकूण खर्चात हा आकडा किरकोळ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचं काम हेच. एक सूचना: डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही. ५.१ चालतं. नावात फक्त एका दशांशाचा फरक आहे, म्हणून डबा दोनदा वाचा.

आता बोल्ट.

जूनमध्ये सस्पेन्शन काढायला घेतलं. उंची बदलता येणारे नवे शॉक आणि स्प्रिंग खर्च अठरा, सगळे रबरी बुश (सांध्यांत बसणारे रबराचे वेढे) सहा. मित्राने त्याचं गॅरेज दोन शनिवार-रविवारसाठी दिलं होतं. एमएक्स-५ च्या खालच्या विशबोनला प्रत्येक चाकाला दोन याप्रमाणे आठ एक्सेन्ट्रिक बोल्ट असतात. बोल्टला चकती असते, ती फिरवली की विशबोन किंचित आत-बाहेर सरकतो, आणि त्यावरच कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं पुढचं टोक आत-बाहेर किती वळलंय) ठरतो. ते चोवीस वर्षांत कुणी हलवलेच नसतील तर बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीशी गंजून एकजीव होतो.

चार बोल्ट सरळ निघाले. आपण मोठे मेकॅनिक आहोत असं वाटायला लागलं. पाचव्याला पाना लावला, ओढला, आणि तो फिरला. पाव फेरा, आणखी थोडा. हात सोडला तर पाना आपोआप, सावकाश, होता तिथे परत आला. बोल्ट नळीतून सुटून फिरतच नव्हता. नळी बोल्टबरोबर फिरत होती आणि भोवतीचं रबर पिळ खाऊन सगळं मागे ढकलत होतं. ही मागे येण्याची चाल ओळखायला शिका. तसं झालं की जोर लावणं थांबवा, नाहीतर बोल्टचं डोकं तुटतं.

गंज सोडवणारं तेल मारून एक रात्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी गॅसची ज्योत, हातोडा, पुन्हा तेल, पुन्हा ज्योत. रबर जळल्याचा वास केसांतून दोन दिवस जात नव्हता. (इंधनाच्या नळ्या कुठून जातात ते बघितल्याशिवाय ज्योत पेटवू नका आणि अग्निशामक हाताशी ठेवा. आम्ही ठेवला होता, वापरावा लागला नाही.) तीन निघाले. शेवटचा, मागच्या डाव्या चाकाचा, निघाला नाही. दोन शनिवार-रविवारचे चार झाले. मित्र रोज म्हणायचा, "अरे, गाडी तिथेच असू दे, माझी बाहेर उभी राहील," आणि रोज थोडा कमी हसायचा.

शेवटी विशबोन आणि चासीच्या मधल्या चिंचोळ्या फटीत विजेच्या करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. पाच पाती, तीन तास. कापल्यावर विशबोन खाली पडला तेव्हा आम्ही दोघं काही बोललो नाही, तिथेच जमिनीवर बसून राहिलो. नवे आठही बोल्ट मागवले, खर्च दोन. ते आधीच मागवले असते तर दहा दिवस वाचले असते. चोवीस वर्षांच्या गाडीचं सस्पेन्शन उघडणार असाल तर बोल्ट आधी मागवा, मग पहिला पाना लावा. आणि नव्या बोल्टला भरपूर ग्रीस लावा, पुढच्या मालकाची दुवा मिळेल.

एवढं होऊनही एक चूक केलीच. गाडी स्टँडवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच, सगळे बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश ज्या स्थितीत आवळाल ती त्याची मूळ स्थिती होते. गाडी खाली उतरवली की तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आवळायचं ते गाडीचं वजन चाकांवर असताना. सगळे पुन्हा सैल करून चाकांखाली ठोकळे देऊन आवळले. आणखी एक रविवार.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सप्टेंबरमध्ये झालं, खर्च एक. ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून केलं, कारण हलक्या गाडीत एका माणसाने फरक पडतो. पुढे उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर. ऑक्टोबरमध्ये १९५/५० आर १५ आकाराचे चिकट रबराचे चार टायर घेतले, खर्च दहा. गाडीत सगळ्यात मोठा फरक या चार टायरांनी पडला, यावर माझं आणि मित्राचं एकमत आहे. सायलेन्सरच्या नऊमध्ये एक टाकला की ते आले असते, हे मित्राने मला त्याच दिवशी सुनावलं.

उघड्या छपराच्या गाडीला बऱ्याच ट्रॅकवर रोल बार लागतो, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी नळीची कमान. खर्च अकरा, हेल्मेट सहा. हेल्मेट घेताना त्यावरचं स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) प्रमाणपत्र बघा: एसए म्हणजे मोटारीसाठी, त्यात आगीची चाचणी असते; एम म्हणजे मोटारसायकलसाठी, त्यात नसते. मी एसए २०२० घेतलं. रोल बार बसवल्यावर घरीच झाडूची परीक्षा केली. झाडूचा दांडा रोल बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत आडवा धरायचा आणि हेल्मेट घालून सीटवर बसायचं. डोकं दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे, माझ्या ट्रॅकच्या नियमात दोन इंच खाली. माझं हेल्मेट दांड्याला टेकत होतं. उपाय असा की सीटचं कापड सोडवायचं आणि आतला फोम ब्रेडच्या सुरीने कापून काढायचा. बायको दारात उभी राहून बघत होती. सुरी आता गॅरेजमध्येच असते.

रोल बारला जाड पॅडिंग लावायला विसरू नका. रस्त्यावर आपण हेल्मेटशिवाय असतो आणि मागून धक्का बसला तर डोकं त्याच नळीवर आपटतं.

कागदांचं काम याच सुमारास चालू होतं, खरं तर एप्रिलपासून. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो. लपवला आणि अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. मी यादी, पावत्या आणि फोटो पाठवले. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की रोल बारमुळे मागच्या प्रवाशांना अडथळा होतो का ते स्पष्ट करा. गाडीला मागची सीट नाही, असं मी तीन वेगवेगळ्या माणसांना तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा गाडीच्या आतला फोटो जोडला. नंतर तपासणी केंद्राचा दाखला मागितला. तपासणीची तारीख जानेवारी २०२४ ची मिळाली. तपासणीसाने वेल्डिंगचे फोटो नीट बघितले, रोल बारचे बोल्ट आणि त्याखालच्या पट्ट्या बघितल्या, सायलेन्सरवर मंजुरीचा शिक्का शोधला. शिक्का होता, पण रस्त्यासाठीचा. ट्रॅकचा नियम वेगळा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तपासणी आणि विम्याचा वाढीव हप्ता मिळून पाच.

पॉलिसीत ट्रॅक वगळलेला असतो, तोही भाग वाचा. "शर्यत" हा शब्द नसेल तरी "बंद परिसरातील वेगवान वाहनचालन" असं काहीतरी असतं. काही ठिकाणी एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो. मी तो घेतला नाही. गाडी ठोकली तर नुकसान माझं, असं ठरवून गेलो.

एप्रिलचा ट्रॅक-डे (शुल्क भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) भरला होता. प्रतीक्षा यादीत सातवा होतो. मेमध्ये जागा मिळाली, शुल्क तीन.

सकाळी साडेसातला पोचलो. गाडीतून सगळी सुटी वस्तू बाहेर काढली, अगदी पायाखालची मॅटसुद्धा. जबाबदारीच्या कागदावर सही, ब्रेक पेडल, बॅटरी घट्ट आहे का, नट, हेल्मेट, झाडू. सगळं पार. मग आवाजाची चाचणी. एक बाई हातात मीटर घेऊन आल्या, एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत मीटर धरला आणि कमाल आरपीएमच्या साधारण तीन चतुर्थांशावर इंजिन धरायला सांगितलं. मर्यादा १०० डेसिबल. त्यांनी मीटर माझ्याकडे वळवला: १०२.

"दोनच जास्त आहे," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "तीन जास्त असते तर आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली असती. तुमची दीडपटीच्या वर आहे. दहा वाजेपर्यंत कमी करून आणा, पुन्हा मोजते."

एकोणीस महिने. आठ बोल्ट. आणि अडलो त्या सायलेन्सरवर, जो मी तासाभरात बसवला होता. जुना माळ्यावर होता, दोन तासांच्या अंतरावर.

शेजारच्या गाडीवाल्याने काही न विचारता डबा उघडला आणि एक्झॉस्टच्या नळीत बसवायची, आवाज दाबणारी छिद्रांची पुंगळी काढून दिली. आत सरकवायची आणि बाजूने स्क्रूने आवळायची. माझ्या पाइपला ती किंचित सैल होती, स्टीलच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवली. पुन्हा चाचणी: ९८. पहिलं सत्र बुडालं.

उरलेली सत्रं वीस-वीस मिनिटांची. नवशिक्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने हाताने खूण केल्यावर. शेजारी इन्स्ट्रक्टर. पहिल्या दोन फेऱ्यांत तो एकच वाक्य बोलत राहिला: "समोर नाही, वळणाच्या पलीकडे बघा." मी पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत होतो, सगळे तेच करतात. नजर उचलली तसे हात आपोआप शांत झाले.

तिसऱ्या सत्रात, इन्स्ट्रक्टर उतरल्यावर, एका लांब वळणात वेग जास्त वाटला आणि मी मध्येच ॲक्सिलरेटर सोडला. वजन एकदम पुढे गेलं, मागच्या टायरांवरचा भार हलका झाला आणि मागचा भाग माझ्या पुढे जायला निघाला. सकाळच्या ब्रीफिंगमधलं आठवलं: गाडी फिरली की दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक. गवतावर, उलट्या तोंडाने, इंजिन चालू असलेल्या गाडीत बसून मी समोरून येणाऱ्या दोन गाड्या बघितल्या. काळा झेंडा, म्हणजे आत बोलावल्याची खूण, दिसला, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागी) गेलो, चाकांतला गवताचा गुच्छ काढला, ऐकून घेतलं. वेग जास्त नव्हता, घाबरून पाय उचलला हेच चुकलं. ब्रेक मारून वेग जो काही कमी करायचा तो वळणाआधी.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा, डिस्क थंड होतात. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. चाकापुढे लाकडी ठोकळा ठेवा. टायरमध्ये सकाळी २६ पीएसआय होतं, सत्रानंतर ३२ झालं, थोडं सोडलं. घरी निघण्यापूर्वी ते परत भरा आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. माझा एक नट जवळजवळ पाव फेरा फिरला.

पुंगळी परत द्यायला गेलो तर तो म्हणाला, "ठेवा, पुढच्या वेळी कुणाला तरी लागेल." एकूण खर्चाची बेरीज नव्वद झाली.

त्याच आठवड्यात माळ्यावरून जुना सायलेन्सर उतरवला आणि बसवला. बायको शिडी धरून उभी होती, काही बोलली नाही, आणि त्याचं मला जास्त लागलं. मग विमा कंपनीला कळवायला बसलो. फॉर्ममध्ये केलेला बदल काढून टाकल्याची नोंद करायला रकानाच नव्हता. फोन केला. पलीकडच्या बाईंनी थोडा विचार करून सुचवलं, "मूळ सायलेन्सर बसवला, हाच नवा बदल म्हणून लिहा." तसं लिहिलं, पावतीच्या जागी माळ्यावरचा फोटो जोडला. नऊ दिवसांनी मंजुरी आली.